एका नंबरची सतरा मुलं

संजीवनीने मोबाइलचा स्टँड टेबलाच्या कडेला घट्ट आवळला आणि कॅमेऱ्याची मान खाली वाकवली. चेहरा दिसायला नको होता. फक्त बोटं आणि टॅबची स्क्रीन.

"बोटं कुठं अडखळतात तेवढंच बघायचं," भाविक मागून म्हणाला. "आणि तू तोंड उघडायचं नाहीस. मागच्या खेपेला पोरांना बटण दाखवत बसली होतीस. मग चाचणी कसली?"

"नाही बोलणार, सर."

भाविकची कंपनी कल्याणला. कंपनी म्हणजे एका दुकानाच्या माळ्यावर नऊ माणसं आणि एक एसी. कॉलेजांच्या फी ऑनलाइन भरून घेणारी व्यवस्था बनवायचं काम. संजीवनी तिथं स्क्रीन आखायची. कुठलं बटण कुठं, कुठला शब्द आधी, कुठला रंग. शिकवलं तिला कोणी नव्हतं. उंबरमाळीहून शहापूरच्या कॉलेजात जाता-येता फोनवर बघून बघून शिकली आणि तेवढ्यावर नोकरीला लागली.

मुरबाडच्या या कॉलेजात आज खरी मुलं, खरी फी आणि शेवटची तारीख. पाचपर्यंत फी भरून परीक्षेचा फॉर्म खिडकीत दिला तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं. कंपनीला अशीच गर्दी बघायची होती. घाईतल्या माणसाला जमलं तर कुणालाही जमेल, असा भाविकचा हिशेब.

आधीच्या व्यवस्थेत अकरा रकाने होते. सोळा आकडी नोंदणी क्रमांक, पासवर्ड, वेडीवाकडी अक्षरं ओळखा, आणि चुकलं की पहिल्यापासून. संजीवनीने ते सगळं उडवून एकच रकाना ठेवला: मोबाइल नंबर. "पोरांना नोंदणी क्रमांक पाठ नसतो, मोबाइल नंबर झोपेतही सांगतात," असं ती मीटिंगमध्ये बोलली होती. भाविकने ते वाक्य छापून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. त्या एका वाक्यावर तिचा पगार वाढला.

दोन मुलांची चाचणी झाली. एक मुरबाडातला, एक सरळगावचा. दोघांनी चार-चार मिनिटांत फी भरली आणि वड्याचे पैसे मागितले, कारण नोटिशीवर नाश्ता मिळेल असं लिहिलं होतं.

तिसरी रविना. खुर्चीच्या टोकावर बसली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आईचं एटीएम कार्ड. धोंडीबाई हे नाव कार्डावर निम्मं झिजलेलं.

संजीवनीने ठरलेली वाक्यं वाचली. "ही तुझी परीक्षा नाही, आमची आहे. तू चुकलीस तर चूक आमची. मी मधे बोलणार नाही. तुला जसं वाटेल तसं कर."

"म्हंजे विचारायचं नाय?"

"नाही."

"आणि अडलं तर?"

"अडू दे."

"आमच्या देवरामभाऊंसारखंच झालं मग," रविना म्हणाली. देवरामभाऊ म्हणजे फीच्या खिडकीतले क्लार्क. खिडकीपाशी उभं राहिलेल्या पोरांना ते वर न बघता उत्तर देत, आणि बरेचदा तेही देत नसत.

रविनाने रकान्यात नंबर टाकला आणि स्वतःचा फोन काढून कुणालातरी लावला. संजीवनीने कागदावर लिहिलं: जवळ फोन असून दुसरीकडे फोन. पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

स्पीकरवर घरघर ऐकू आली.

"धाऊकाका, रविना बोलते. नंबर आला का?"

"कंचा गो? सकाळपासून बँकेचा आलाय, गॅसचा आलाय, नि चंदाच्या कसल्या तरी फारमाचा आलाय."

"आत्ता आला तो. कालेजचा."

"थांब, गिरणीचा पट्टा उतरवतो. काय ऐकू येत नाय."

टॅबवर ओटीपीच्या दोन मिनिटांचे आकडे उलटे पळत होते. गिरणीची घरघर मंद होत होत थांबली तेव्हा एकाहत्तर सेकंद उरले होते.

"हां, लिव्ह. चार, शून्य, शून्य... चष्मा कुठं ठेवला... नऊ, सहा, दोन."

"चार शून्य शून्य नऊ सहा दोन."

"बरोबर. अजून एक लागंल ना तुला, पैशाचा? तो लवकर माग. सकुबाईचं दळण टाकलंय. मधेमधे थांबवलं की पीठ जाड पडतं नि मग ती मला बोलत राहते."

मागून कुणी बाई काहीतरी म्हणाली आणि धाऊकाका हसला. त्याला या कामाची चांगलीच सवय होती.

रविनाने आकडे भरले. स्क्रीन बदलली. वर मोठ्या अक्षरांत आलं: नमस्कार, प्रज्वल.

नमस्कार आणि पहिलं नाव, ही कल्पनाही संजीवनीचीच. पोरांना आपुलकी वाटावी म्हणून.

रविनाचं बोट हवेत थांबलं. तिने मान वळवून संजीवनीकडे बघितलं. संजीवनीनेही नाव वाचलं होतं. जीभ टाळूला लागली, शब्द तिथंच होता. मागं भाविक खाकरला. तिने पेन कागदावर टेकवलं आणि लिहिलं: नाव वाचून थांबली. चार सेकंद.

रविनाने बोट खाली आणलं. पुढं जा. खाली रक्कम होती, सात हजार चारशे, तिला सांगितली होती तेवढीच. कार्डाचे आकडे भरले, धाऊकाकाने दुसऱ्यांदा पट्टा उतरवला, दुसरे सहा आकडे सांगितले. हिरवी खूण उमटली.

"साडेतीन मिनिटं," भाविक म्हणाला. "बघितलंस? टाउनातल्या पोरापेक्षा फास्ट. आणि ही पार आतल्या गावची." तो कौतुकच करत होता. असल्या माणसांचं कौतुक असंच असतं. म्हैस जिना चढली की टाळ्या वाजवायच्या.

कॅमेरा बंद केल्यावर संजीवनीने विचारलं, "नाव दुसऱ्याचं होतं ना? मग थांबली का नाहीस?"

"प्रज्वल आमच्याच वाडीतला. आमच्याच वर्गात होता. त्याचा पण धाऊकाकाचाच नंबर." रविना कार्ड पिशवीत घालत होती. "मला वाटलं, वर त्याचं नाव येत असंल. रेशनवर बघा ना, नाव आजोबांचं येतं नि माल आमाला सगळ्यांना मिळतो. कुणाच्या तरी नावावर आपलं निघतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुमी बघितलं ना, ताई. तुमी काय बोलल्या नाय. मी बोलले, बरोबर असंल."

संजीवनी तिच्यासोबत खिडकीपाशी गेली.

बरोबर होतं की नाही, ते तिथं लगेच कळलं. देवरामभाऊंनी जेवणाचा डबा बाजूला सारला, पावती बघितली, कॉम्प्युटर बघितला आणि आज पहिल्यांदा मान वर केली.

"पैसे तुझे, फी प्रज्वलची. तुझं नाव लालच हाय. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला. आता काय करायचं?"

"माझा फॉर्म?"

"फी बाकी असंल तर फॉर्म घेता येत नाय. नियम मी केला नाय."

रविना पिशवीची दोन टोकं बोटांना गुंडाळत, सोडवत राहिली. शेवटचं वर्ष होतं. दिवाळीनंतर तीन महिने ती आटगावच्या गोदामात खोके चिकटवायला जात होती ते याच पैशांसाठी. घरात ठरलं होतं, या खेपेला परीक्षा झाली तर झाली, नाहीतर मे महिन्यात लग्न. मुलगा बघून ठेवलेला.

संजीवनी आत देवरामभाऊंच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसली. कॉलेजची यादी काढली. धाऊचा नंबर टाकला. समोर सतरा ओळी आल्या. प्रज्वलची काळी, बाकी सोळा फिकट. काढून टाकलेल्या.

या ओळी तिनेच काढल्या होत्या. महिन्यापूर्वी यादी साफ करताना एकच नंबर सतरा वेळा दिसला, तेव्हा ती भाविकला म्हणाली होती, "क्लार्कने आळस केलाय, एकच नंबर सगळीकडे चिकटवलाय." भाविक म्हणाला होता, पहिला ठेव, बाकी उडव. तिने उडवले आणि चहा प्यायला गेली.

"स्वतःचा नंबर का नाही दिलास?" तिने रविनाला विचारलं, आवाज फार खाली आणून.

"आमचे नंबर टिकतात कुठं? रिचार्ज संपला की सिम बंद. मग मेळ्यात फुकट भेटतं ते घ्यायचं. माझा हा चौथा. धाऊकाकाचा बारा वर्सं तोच हाय, गिरणीच्या भिंतीवर रंगवलेला. गिरणी फाट्यावर, तिथं रेंज पण हाय. वर वाडीत काय येत नाय. म्हणून बँकेत, गॅसला, कालेजात, सगळीकडं त्याचाच. तो सांगतो ज्याचा त्याला."

संजीवनीच्या स्वतःच्या अकरावीच्या फॉर्मवर उंबरमाळीच्या एका रेल्वे ट्रॅकमनचा नंबर होता. कॉलेजचा फोन आला की तो पाऊण तास चालत घरी यायचा, पाणी प्यायचा, निरोप सांगायचा आणि परत जायचा. हे ती विसरली नव्हती. पण ऑफिसात खुर्चीवर बसून यादीकडे बघताना तिला तो आठवला नव्हता. सहा वर्षं स्वतःच्या नावाचं सिम वापरलं की माणूस आपल्याच लोकांना चुकीची नोंद म्हणायला लागतो. आणि त्याचा पगारही वाढतो.

भाविकने ऑफिसला फोन लावले, बँकेला लावले. पैसे परत यायला सात ते दहा दिवस. मग नोंद उलटी फिरवायचं ठरलं: प्रज्वलची फी रद्द, तीच रविनाच्या नावावर. त्याला प्राचार्यांचं पत्र लागलं. प्राचार्य कुठल्या तरी उद्घाटनाला गेले होते, तिथं शिपाई गेला, सही आली. पावणेचार वाजले.

"दाब आणि मोकळी हो," भाविक म्हणाला. "मी निघतो, नाहीतर शहाडच्या ट्रॅफिकमध्ये अडकेन. आणि रिपोर्टमध्ये हिला धरू नकोस. दोनच मुलं दाखव." तो गाडीत बसून गेला.

ती बटण दाबणार तेवढ्यात खिडकीपाशी एक मुलगा धापा टाकत आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर नंबर, बुटांवर पांढरी भुकटी.

"देवरामभाऊ, माझा फॉर्म द्या परीक्षेचा. कोरा. धाऊकाकाचा फोन आला, माझी फी भरली बोलला. कालेजचा मेसेज आलाय."

देवरामभाऊंनी त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीच्या आडून संजीवनीकडे. पैसे कुणाचे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. वर न बघता उत्तर देणाऱ्या माणसालाही काही उत्तरं देता येत नाहीत.

"कोणी भरली गो?" प्रज्वलने रविनाला विचारलं. "सरकारचं काय आलं का? आपल्या सगळ्यांची झाली?"

रविना भिंतीकडे बघत होती.

दिवसभर गप्प बसायचा नियम पाळून झाला होता. संजीवनी उठली, बाहेर आली आणि सरळ सांगितलं. पैसे रविनाचे. नाव चुकून तुझं आलं. चूक यंत्राची नाही, माझी. मी यादी कापली.

प्रज्वलने ऐकून घेतलं. दिवाळीला कॉलेज सोडून तो एमआयडीसीत लागला होता, बारा तासांची पाळी. आज अर्धा दिवस टाकून आला होता, म्हणजे त्याचे पैसे कापले जाणार होते. त्याने बुटावरची भुकटी दुसऱ्या बुटाने घासली.

"हां," तो म्हणाला. "तरी मी बोललो, आपल्याला कोण देतंय. करा तिच्या नावावर."

"तुझी मी भरते," संजीवनी म्हणाली. हात फोनकडे गेलाही होता.

"का? तुमी कोण?"

"चूक माझी आहे म्हणून."

"चुकीनं माझं काय गेलं? फी तर माझी भरलेलीच नव्हती." तो तिच्याकडे नीट बघून बोलत होता, रागावून नाही. "परत कधी घेणार?"

"नको परत."

"मंग नको."

देवरामभाऊ आतून म्हणाले, "दोन वर्सांपूर्वी असता तर मी तीन हप्त्यांत घेतली असती, खिडकीतून. आता खिडकीत पैसे घ्यायचे नाय. सगळं सोपं झालंय." त्यांनी सोपं हा शब्द खाली ठेवल्यासारखा उच्चारला.

संजीवनी परत लॅपटॉपकडे वळली तसा प्रज्वल म्हणाला, "मॅडम, एक. हे उलटं केलं की परत मेसेज जातो काय?"

"जातो. फी रद्द झाली म्हणून."

"धाऊकाकाला?"

"नंबर त्यांचाच आहे."

"तो नाय थांबवता येत?"

नव्हता येत. कुणी पोरांची फी गुपचूप फिरवू नये म्हणून संजीवनीनेच तशी सोय केली होती. थांबवायचं बटण ठेवलंच नव्हतं.

"धाऊकाकांना फोन करून सांग की, कुणाला सांगू नका म्हणून."

"तो नाय ऐकायचा. महादूचा पोलीस भरतीचा निकाल त्यानं एकदा दाबून ठेवला, महादूला वाईट वाटंल म्हणून. महादूच्या बापानं गिरणीसमोर उभं राहून त्याला आईवरनं शिव्या दिल्या. तवापासून आला मेसेज की तो सांगतो. वर जाणाऱ्या पहिल्या माणसाकडं निरोप देतो." प्रज्वलने ओठ पुसले. "आई गिरणीवरच होती मघाशी, दळण घेऊन. तिथंच सांगितलं त्यानं तिला, चार बायांत. ती आता वर गेली असंल. वाडीत सांगत असंल. तिला माझ्या तोंडून कळू दे. निरोप्याकडून नको."

"किती वेळ लागतो घरी जायला?"

"जीप भेटली तर फाट्यापर्यंत तास. मग वर चढायला अर्धा."

सव्वाचार झाले होते. खिडकी पाचला बंद. आता बोलायचं होतं ते फक्त रविनाने, आणि तिला कुणी विचारत नव्हतं. तिच्याही घरी आई वाट बघत होती.

"जा तू," रविना म्हणाली. "तू पोचल्यावर करतील ताई."

"नि तुझा फॉर्म?"

"जा म्हटलं ना. जीप भरली की जाईल निघून."

तो संजीवनीकडे न बघता, देवरामभाऊंकडे न बघता गेला. फाटकातून बाहेर पडल्यावर पळायला लागला.

देवरामभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "आण तो फॉर्म. तारीख आजची पडंल. टाइम टाकायची जागाच नाय फॉर्मवर, ते तेवढं अजून सुधारलेलं नाय. पण साडेसहाला मी लिस्ट पाठवणार विद्यापीठाला. तवा तुझं नाव हिरवं पायजे. लाल दिसलं तर मी काय करू शकत नाय. ऐकलंस काय गो?"

"ऐकलं."

"सहा एकतीसला माझ्याकडं रडत यायचं नाय."

"नाय येणार."

पाचला त्यांनी खिडकी लावली आणि आत दिवा लावून बसून राहिले. संजीवनी आणि रविना बाहेरच्या बाकावर. लॅपटॉप मधे. कापलेली यादी परत जोडायला संजीवनीने कागद काढला आणि रविनाने एकेक नाव सांगितलं, धाऊकाकाच्या नंबरवरच्या सतराही जणांचं, कोण कुठल्या वर्गात, कुणाच्या नावापुढं कुणाचा बाप. नेहा दोन होत्या, एक वरच्या वाडीतली, एक खालच्या. रविना ते न अडखळता सांगत होती. संजीवनी लिहीत होती आणि मधेमधे घड्याळ बघत होती.

"तो पोचला हे आपल्याला कळणार कसं?" एकदम तिच्या लक्षात आलं. "वर रेंज नाही म्हणालीस."

"तेच तर," रविना म्हणाली. "फोन लागला की समजायचं वाटेत हाय. लागायचा बंद झाला की पोचला."

तिने लावला. वाजला. प्रज्वलने उचलला नाही, कापला. साडेपाचला वाजला. पावणेसहाला वाजला. सहाला परत वाजला आणि या वेळी कापायलाही वेळ लागला. चढत असेल, रविना म्हणाली. जीप उशिरा सुटली असेल.

सहा दहाला देवरामभाऊ दारात येऊन उभे राहिले. घड्याळ बघितलं, परत आत गेले.

संजीवनीचं बोट बटणावर होतं. "करू का?" तिने विचारलं. "तुझं वर्ष आहे."

"अजून वीस मिंटं हायेत."

सहा अठराला वाजला. रविनाने फोन मांडीवर पालथा ठेवला, तीन मिनिटं तशीच बसली, मग उचलून परत लावला. आधी काहीच आलं नाही. मग ती बाई बोलली: आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. रविनाने ते पूर्ण ऐकलं. तीच बाई हिंदीत सुरू झाली तेही ऐकलं, आणि फोन कानावरून खाली घेतला.

"पोचला," ती म्हणाली.

संजीवनीने बटण दाबलं.